मुकादमाची नजर

रविवारी सकाळी बाबांचा फोन आला तेव्हा तिच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं. फोन खांद्याने कानाशी दाबून धरून ती वाचतच राहिली. बाबा म्हणाले, गुडघा आता बरा आहे. म्हणाले, जिन्यातला दिवा गेलाय, कुणी लक्ष देत नाही, शेवटी मीच स्टूल घेऊन चढणार. म्हणाले, मुकादमाने गॅलरीतली कुंडी परत पाडली आणि वर माझ्याकडेच असा बघतोय, जणू मी पाडली. ती हं म्हणाली, चढू नका म्हणाली, परत हं म्हणाली. फोनवर बोलणं बाबांना कधी जमलंच नव्हतं. सगळा जन्म त्यांनी बंदरावर क्रेनच्या खाली उभं राहून काढला होता, वरच्या केबिनमधल्या माणसाला हातांनी खुणा करत: उचल, उतरव, डावीकडे घे, थांब. त्या गोंगाटात तोंडाचा उपयोग फक्त डबा खाण्यापुरता, असं तेच म्हणायचे. त्यामुळे फोन घेतला की त्यांचा एक हात अडकून पडायचा आणि अर्धं बोलणं तिथेच राहायचं. "तुला एक सांगायचं होतं," बाबा म्हणाले. "ह्या मुकादमाबद्दलच." नेमकं तेव्हाच तिने पान उलटलं. पान उलटल्याचा आवाज फोनमधून पलीकडे जातो हे तिला माहीत होतं. कुठला आवाज कुठवर पोहोचतो हे बघण्याचाच तर तिला पगार मिळत होता. पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग बाबा म्हणाले, "बरं. तुला कामं असतील." "हो, आहेत थोडी," ती म्हणाली. दर रविवारी ते हेच म्हणायचे आणि तिचं उत्तर हेच असायचं. त्यात लागण्यासारखं कुणालाच काही वाटत नसावं, निदान तिला तरी वाटत नव्हतं. त्या दिवशी तिला काहीही काम नव्हतं. दुपारी तिने केस धुतले, ते पुस्तक संपवलं आणि ते फारसं आवडलं नाही.

पुढच्या रविवारी ती बाबांच्या स्वयंपाकघरात उभी होती आणि मोठा भाऊ कपाटं रिकामी करत होता. बाबा खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. कुत्रा आतून दार खरवडत राहिला म्हणून शेजाऱ्यांना शंका आली, एवढंच. आता तो कुत्रा खुर्चीच्या पुढ्यात, लाकडी फळ्यांच्या जमिनीवर हनुवटी टेकवून पडला होता. पांढराशुभ्र, नाकाचा शेंडा गुलाबी, आणि नजर येणाऱ्याजाणाऱ्याच्या कमरेच्या उंचीवर. आई गेल्यानंतरच्या वर्षी तिनेच तो प्राण्यांच्या आश्रयगृहातून बाबांना आणून दिला होता. दिवसभर पाय पसरून बसतो आणि माझ्या कामावर देखरेख करतो, म्हणून बाबांनी त्याचं नाव मुकादम ठेवलं. "ह्याचं काय करायचं?" दादाने विचारलं. "मी नेते," ती म्हणाली. आपण हे कुठून बोललो ते तिचं तिलाच कळलं नाही. दादाने हातातला पेला कागदात गुंडाळला आणि म्हणाला, "तू? तुझ्याकडे कुंडीतलं झाड टिकत नाही." "मग तू ने." "तुझ्या वहिनीला शिंका येतात." "कधीपासून?" "हा विषय निघाल्यापासून," दादा म्हणाला. दोघं हसली, आणि मग दोघांनाही हसल्याची लाज वाटली.

तिच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड गालिचा होता. दिवसभर रुग्णांच्या कानात बारीकबारीक आवाज सोडायचे आणि कुणाला कुठवर ऐकू येतं ते नोंदवायचं, अशा कामानंतर माणसाला घरी आपल्या पावलांचाही आवाज नको होतो. त्या गालिच्यावर मुकादम पहिल्या दिवशी असा उभा राहिला, जसा कुणी चिखलात उभा राहतो. एकेक पंजा उचलून तो बघत होता. तिने हाक मारली. तो आला नाही. बिस्कीट दाखवलं तर आला. कुत्र्यांवरची पुस्तकं तिने आणली, कारण कुठल्याही अडचणीला आधी पुस्तक आणायचं ही तिची जुनी खोड. आवाज खालच्या पट्टीत ठेवा, असं एकात होतं. आवाज आनंदी ठेवा, असं दुसऱ्यात. तिने दोन्ही केलं. रस्त्यावरून जाताना ती खालच्या आनंदी आवाजात त्याला विनवण्या करायची आणि तो तिच्याकडे पाठ करून खांब हुंगत राहायचा. मधूनच वळून तो तिच्या चेहऱ्याकडे नाही, तर हातांकडे बघायचा, आणि हात नुसते खिशात आहेत असं दिसलं की पुन्हा वळायचा. बाबांचा एका शब्दात ऐकायचा हा. "मुकादम, बस," असं बाबा केवढ्यानं ओरडायचे, आणि हा बसायचा. तिला वाटायचं, आपला आवाज ह्याला पटत नाही. तिला वाटायचं, हा आपल्याला ओळखून आहे. हट्टी आहे, असं ती दादाला फोनवर म्हणाली, पुन्हा म्हणाली, आणि मग ते ठरूनच गेलं.

आणि तरीही. तो झोपताना तिच्या पावलांवर सगळं वजन टाकून झोपायचा, आणि इतकं वजन आपल्यावर कुणी टाकल्याला किती वर्षं झाली ह्याचा हिशेब तिला नकोसा वाटायचा. सकाळी तो पलंगाशी येऊन नाक तिच्या मनगटाला लावायचा. ते नाक ओलं, गार, आणि काही मागणारं नसायचं. आहेस ना, एवढंच. त्याच्यामुळे तिला आपल्या गल्लीत पिठाच्या गिरणीमागे एक बाग आहे हे पहिल्यांदा कळलं. अनोळखी माणसं तिच्याशी बोलायला लागली, म्हणजे त्याच्याशी, आणि उत्तरं ती द्यायची. तिचं अर्धवट वाचलेलं पुस्तक, रविवारचं नव्हे, त्याच्या नंतरचं, त्याने कोपऱ्यापासून चावून गोल केलं. ती रागावली आणि मग तसंच वाचत राहिली. प्रत्येक पानावरचं शेवटचं वाक्य गायब होतं. ते मनानेच पुरं करताना तिला पुस्तक बरं वाटू लागलं.

मग बाही फाटली. खालच्या मजल्यावर राहणारी शिवणकाम करणारी बाई जिना चढत होती, मुकादम दाराबाहेर तोंड भिंतीकडे करून झोपला होता, आणि तिने मायेने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो जो उसळला तो दात लावूनच. कापड फाटलं, कातडीला काही झालं नाही. "बाहीवर निभावलं म्हणून बरं," ती बाई म्हणाली. "हाताला लागलं असतं तर शिवलं कशाने असतं मी, पायाने?" तिने नवी बाही आणून देते म्हटलं. "बाही मी शिवेन गं, माझा धंदाच तो. पण जिन्याने चढताना आता माझे पाय लटपटतात, त्याला काय करू?" हे बोलणं घरमालकापर्यंत गेलं, आणि घरमालकाने शांतपणे सांगितलं की शनिवारी कुत्रा दिसला तर पुढच्या महिन्यात तू दिसायची नाहीस. दादाने आश्रयगृहाला फोन केला. मग तिला फोन केला. "ते घेऊन जायला तयार आहेत. पण एक आहे." "काय?" "चावरा म्हटलं की ते दुसऱ्या घरी देत नाहीत." "मग ठेवतात कुठे?" "ठेवत नाहीत गं. डॉक्टर येतो त्यांचा." मुकादम तेव्हा तिच्या पावलांवर झोपला होता. त्याच्या पोटाची ऊब मोज्यांमधून वर येत होती. तिने विचारलं, बाबांनी काय केलं असतं? दादा म्हणाला, "बाबांचं तो ऐकायचा." शुक्रवारी संध्याकाळी या, असं तिने आश्रयगृहाला स्वतःच कळवलं, आणि फोन ठेवल्यावर हात साबणाने धुतले.

शुक्रवारी दुपारी शेवटची रुग्ण एक लहान मुलगी होती. दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली. आई खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागली. "हट्टी आहे हो नुसती. मनात असलं की एका हाकेत येते. शाळेतल्या बाईंनी पाठवलं म्हणून आणली, नाहीतर कान उत्तम आहेत." मुलीला आवाजबंद खोलीत बसवून कानांवर यंत्र लावलं आणि खेळ समजावला: आवाज आला की एक मणी वाटीत टाकायचा. काचेच्या अलीकडे बसून ती बटणं दाबू लागली. मुलगी मणी टाकत गेली, एकही चुकवला नाही. आवाज बारीक केला, आणखी बारीक केला, तरी मणी पडतच होते. इतकं अचूक कुणालाच ऐकू येत नाही. तिने मुलीकडे नीट पाहिलं. मुलीचे डोळे तिच्या कोपरावर होते. बटण दाबताना कोपर जरासं उचललं जायचं, आणि मुलगी त्या कोपराला मणी देत होती. तिने खुर्ची फिरवली, मुलीकडे पाठ केली आणि समोरच्या चकचकीत कपाटात तिचं प्रतिबिंब बघत बटण दाबलं. वाटीत काही पडलं नाही. मोठा आवाज सोडला, आणखी मोठा. मुलगी मणी बोटांत धरून तिच्या पाठीकडे बघत राहिली, एखादं दार कुणीतरी तोंडावर लावून घ्यावं तशी.

"पण मी हाक मारली की येते ना ती," आई म्हणाली. "कुठून मारता हाक?" "दारातून." मग सावकाश, "दिवा लावते आधी. दिवा लावून हाक मारते." आईने मुलीकडे पाहिलं. "असं कसं मला कळलं नाही? मी आई आहे तिची." ह्या प्रश्नावर द्यायचं एक वाक्य तिच्याकडे तयार असायचं. मुलं फार हुशार असतात, लपवतात, तुमची चूक नाही. कितीतरी आयांना तिने ते दिलं होतं. आज तोंड उघडलं आणि ते वाक्य येईना, कारण ते ज्या वाटेने यायचं तिथे आता एक पांढरा कुत्रा उभा होता आणि तिच्या हातांकडे बघत होता.

घरी जाताना ती बसमध्ये बसली नाही, चालतच निघाली, आणि चालताना सगळं उलटं उलगडत गेलं. आश्रयगृहातले सगळे कुत्रे गजांवर उड्या मारून भुंकत होते आणि हा एकटा मधोमध गाढ झोपला होता. "किती शांत आहे हा," ती म्हणाली होती. "एकदम शांत," तिथली बाई म्हणाली, "काही झालं तरी दचकत नाही." बाबांना त्रास नको म्हणून तिने तोच निवडला, आणि गाडीत त्याला मांडीवर घेऊन आपल्या निवडीवर खूष होत आली. ती, जिच्या दारावर कानाचं चित्र आहे. मग बाबा. फळ्यांच्या जमिनीवर एकदम टाच आपटणारे बाबा. म्हातारपणाचं काहीतरी लागलंय, असं तिला वाटायचं, तिने दादाला तसं सांगितलंही होतं. टाच आपटली की फळ्या हलायच्या, मुकादम मान वर करायचा, आणि मग "मुकादम, बस." केवढ्यानं. जेवणाच्या टेबलाखाली त्या वेळी बाबांचा उजवा हात काय करत होता ते तिने कधी पाहिलं नव्हतं. ती रस्त्यात थांबली. मागून येणारा माणूस तिला धडकता धडकता वाचला. बाबा आयुष्यात ओरडले नव्हते. आईवर नाही, दोघा भावंडांवर नाही, बंदरावरही नाही. ते फक्त ती आली की ओरडायचे, त्या बहिऱ्या कुत्र्यावर, तिच्या लक्षात येऊ नये म्हणून. आपल्या मुलीला तिच्याच कामात खाली बघायला लागू नये. इतकी वर्षं. आणि रविवारी फोनवर, कदाचित स्टुलावर चढायच्या आधी, त्यांना वाटलं असेल की आता हिला सांगून ठेवावं. त्यांच्यामागे कुत्र्याशी बोलायचं कसं ते कुणाला तरी ठाऊक असायला हवं.

दार उघडलं तेव्हा मुकादम पुस्तकांच्या कपाटाला पाठ लावून झोपला होता. तिने स्वयंपाकघरातून पातेल्याचं झाकण आणलं आणि त्याच्या डोक्यामागे डावाने हाणलं. तिचे स्वतःचे दात शिवशिवले. त्याचा कान हलला नाही. श्वास तसाच चालू होता, मधूनच स्वप्नातला एखादा पंजा. मग तिने लाकडी कपाटावर दूरच्या टोकाला मूठ ठोकली, हळूच. त्याने ताबडतोब डोळे उघडले आणि तिच्या हातांकडे बघितलं. त्याच क्षणी दाराची घंटा वाजली. ती कुणाला ऐकू येते आणि कुणाला नाही, हे आता सगळं स्पष्ट होतं.

आश्रयगृहाचा गाडीवाला अंगाने मोठा आणि बोलण्यात मवाळ होता. "थांबा," ती म्हणाली, "एक मिनिट, मला आधी—" पण तो ह्या कामाला सरावलेला होता. मालक असंच म्हणतात आणि लांबवलं तर सगळ्यांनाच जड जातं, हे त्याला माहीत होतं. मुकादम तिच्याकडे तोंड करून उभा होता, गाडीवाला मागून वाकला आणि दोरीचा फास त्याच्या गळ्यात टाकू लागला. मुकादम हवेत उडाला, दात वाजले, फास निसटला, आणि तो उघड्या दारातून जिन्यावर, जिन्यावरून रस्त्यावर. ती त्याचं नाव घेत धावली. आता कळत असूनही घेत होती, जिभेला दुसरं काही येतच नव्हतं. रस्त्यावर ऑफिसं सुटल्याची गर्दी होती. तो पलीकडच्या कडेला पोहोचला होता, कसा ते देवाला ठाऊक, आणि तिथे गोल फिरत होता, पायांच्या जंगलात हात शोधत. मग त्याने अलीकडे यायला पाऊल उचललं. डावीकडून बस येत होती.

आधी दिसलं पाहिजे. हे बाबांचं वाक्य होतं. ती लहान असताना एकदा बाबांनी तिला बंदरावर नेलं होतं, एका पिंपावर बसवून सगळ्या खुणा एकेक करून दाखवल्या होत्या आणि कामाचे दोन नियम सांगितले होते. वरच्याला आपण दिसलो नाही तर आपण केलेल्या खुणेला काही अर्थ नाही, हा पहिला. ओझं जमिनीला टेकेपर्यंत त्यावरची नजर काढायची नाही, हा दुसरा. कोपऱ्यावरच्या दुकानापुढे बाटल्यांचे क्रेट रचलेले होते. ती त्यांच्यावर चढली, बाटल्या खणखणल्या, आतून दुकानदार "अहो बाई, अहो" करत आला. तिने दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत बाजूला ताणले, तळवे जमिनीकडे. सगळं थांबव. तिच्या वयाच्या बाईने गर्दीत हे करणं विचित्र दिसत असणार, आणि तिला ते विचित्र वाटायला वेळ नव्हता. मुकादमाने मान वर केली. त्याची नजर गर्दीवरून सरकत आली आणि तिच्या हातांवर येऊन टेकली. तो बसला. जिथे होता तिथे, फुटपाथच्या काठावर, पुढचे पंजे जुळवून, एखाद्या शिकवलेल्या माणसासारखा. बस दोघांच्या मधून गेली. तेवढा वेळ तिला बसच्या लांबच लांब अंगाशिवाय काही दिसलं नाही आणि तरी तिने हात खाली घेतले नाहीत. बस गेली. तो तिथेच होता. मागून मोटारी येत राहिल्या, तिचे खांदे भरून आले, दुकानदाराने क्रेट धरून ठेवला आणि तो का धरतोय हे त्यालाही नीट कळलेलं नव्हतं. रस्ता मोकळा झाला तेव्हा तिने डावा तळवा स्थिर ठेवला आणि त्याच्याखाली उजव्या हाताचं बोट आपल्याकडे फिरवलं. हळू ये. तो उठला आणि हळू आला. मोकळ्या रस्त्यावरून, मान ताठ, त्या बोटावरची नजर न काढता, आणि तिनेही त्याच्यावरची काढली नाही.

गाडीवाला दोरी गुंडाळत उभा होता. "हे कुठे शिकलात?" "बंदरावर," ती म्हणाली. "तो चावरा नाही. बहिरा आहे. मागून हात लावला की घाबरतो." "बहिरा? आमच्याकडूनच नेलात ना?" "मीच निवडला." "आणि तुम्ही काय करता, म्हणजे कामाला?" "कान तपासते." गाडीवाला हसला नाही. त्याने खाली आपल्या बुटांकडे पाहिलं आणि बराच वेळ बघत राहिला, हे त्याचे उपकार. मग म्हणाला, "घरमालकाला काय सांगाल?" "हेच. नाही पटलं तर दुसरं घर बघेन. लाकडी जमिनीचं." शिवणकाम करणारी बाई दारात येऊन उभी राहिली होती, तिने सगळं पाहिलं असावं. "पुढून हात लावला तर चालेल का गं त्याला?" तिने विचारलं. "आधी दाखवा. मग लावा." बाईने आपला हात त्याच्यासमोर धरला, सुईने टोचलेली बोटं पसरून, आणि मुकादमाने ती एकेक करून हुंगली. "कापडाची एखादी पट्टी बांधून देते त्याच्या गळ्यात, भडक," ती म्हणाली. "म्हणजे मलाही जिन्यात लांबून दिसेल. बाहीला कापड तेवढं आणून दे मात्र."

वर आल्यावर तिने खुर्चीपुढचा गालिचा सोडवून गुंडाळला आणि भिंतीशी लावला. खालच्या फरशीवर मुकादम लगेच आला, पोट टेकवलं आणि उसासा टाकला. ती खुर्चीत बसली. बाहेर अजून उजेड होता. दादाला फोन करायचा होता, घरमालकाला करायचा होता. फोन शेजारी होता आणि तिने तो घेतला नाही. मुकादम मान वर करून बघत होता, पुढचं काय, असं. बाबा आई गेल्यावर तासन्‌तास बसायचे ते तिला आठवलं, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून पोटाशी धरलेली. ती आली की त्यांचं हे बसणं तिला बघवायचं नाही. ती काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जायची. तीही खूण होती. पिंपावर बसवून दाखवलेल्यातली शेवटची. ओझं अधांतरी आहे, ते खाली कुठे घ्यायचं हे अजून ठरलेलं नाही, तोवर कुणी काही हलवू नका. आहे तसं असू दे. तिने बोटं एकमेकांत गुंतवली आणि पोटाशी धरली. मुकादमाने ते पाहिलं. त्याने हनुवटी तिच्या पावलावर ठेवली, सगळ्या वजनासकट, पण डोळे मिटले नाहीत. ते हातांवरच ठेवले. खोलीत कसलाच आवाज नव्हता. एखादा माणूस फोनच्या पलीकडे बोलायचा थांबावा आणि पुढे बोलावं की नाही ह्याचा विचार करत असावा, तितकी शांतता. तिने ती मोडली नाही, पान उलटलं नाही. ती थांबली, जितकं थांबायला हवं होतं तितकं, आणि मग ऐकू न येणाऱ्या त्या कुत्र्यापुढे, नेहमीच्या साध्या आवाजात, मोठ्याने म्हणाली,

"नाही, बाबा. मला काही काम नाही. बोला तुम्ही."